चार नॉर्मल रिपोर्ट आणि विक्रोळी स्टेशनचा पूल

मी दादरच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये ईसीजी-टीएमटी टेक्निशियन आहे, एकोणीस वर्षं झाली. रोज सात-आठ टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेले ईसीजी, माझ्या हातून होतात, छातीवर लीड लावायचे, पट्टा चालू करायचा, दर तीन मिनिटांनी स्पीड आणि चढ वाढतो तसं एक डोळा स्क्रीनवर आणि एक पेशंटच्या चेहऱ्यावर. ही केस माझ्या सख्ख्या दादाची आहे. त्याला विचारूनच लिहितेय, नावं कोणाची घेत नाही. सविस्तर लिहितेय कारण आमच्याकडे जे झालं ते घरोघरी होतं, चार रिपोर्ट नॉर्मल आले, चारही रिपोर्ट खरे होते, आणि तरी दादाच्या हृदयाला रक्त नेणाऱ्या एका मोठ्या नळीत आजार बसलेला होता.

आधी माणूस सांगते. दादा तेव्हा ४७ वर्षांचा, राहायला विक्रोळीला कन्नमवार नगरात, नोकरी फोर्टला, वजन ६६ किलो, अंगाने सडपातळ, फक्त पोट जरा पुढे. तंबाखू नाही, सिगरेट नाही, दारू लग्नकार्यापुरती. डबा घरचा. म्हणजे ‘याला काय होणार’ असं ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात तसा. पण बाबा १९९८ साली गेले, ५१ व्या वर्षी. ते बेस्टमध्ये कंडक्टर होते. दोन दिवस छातीत जळजळतंय म्हणून सोडा पीत होते, तिसऱ्या दिवशी पहाटे आई चहाला उठवायला गेली तर अंग गार. मी तेव्हा बारावीला होते. काकांची बायपास झाली ५४ व्या वर्षी. आमच्या घरात हे सगळं ‘नशीब’ या खात्यात जमा होतं, मेडिकल हिस्टरी म्हणून त्याच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही, आणि मी तर याच धंद्यात.

२०२३ च्या जूनमध्ये दादाच्या ऑफिसचं वार्षिक चेकअप झालं. ईसीजी नॉर्मल, टीएमटी निगेटिव्ह. नऊ मिनिटं चालला, म्हणजे ब्रूस प्रोटोकॉल या टीएमटीच्या ठरलेल्या पद्धतीच्या तीन पायऱ्या पूर्ण, टार्गेट हार्ट रेट गाठला, दम नाही, ईसीजीतला एसटी नावाचा भाग खाली गेला नाही, म्हणजे रक्त कमी पडल्याची खूण नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १२७, रिपोर्टमध्ये ठळक छापलेलं नव्हतं म्हणून कोणी बघितलं नाही. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३९, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी १७८. दादाने मला व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवली आणि खाली लिहिलं, ‘बघ, पास झालो’. मीपण अंगठा पाठवला.

इथे थांबून टीएमटीबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण रोज पट्ट्यावरून उतरणारा प्रत्येक दुसरा माणूस मला विचारतो, ‘म्हणजे ब्लॉकेज नाही ना?’ टीएमटी ब्लॉकेज बघतच नाही. ती एवढंच बघते की हृदयाला जोरात काम करायला लावलं तर त्याला रक्त कमी पडतंय का, आणि कमी पडलं तर ते ईसीजीच्या रेघेत उमटतंय का. नळी चांगलीच अरुंद झाली असेल तरच सहसा ते उमटतं, आणि तेव्हाही साधारण तीनातल्या एका माणसात उमटत नाही, टेस्ट निगेटिव्हच येते. आणि नळी ३०-४० टक्केच अरुंद असेल तर पट्ट्यावर पळवा, दौडवा, काही दिसणार नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट ब्रूस यांची ही पद्धत १९६३ पासूनची आहे आणि माणसाची ताकद किती, बीपी श्रमात कसं वागतं, ठोके चुकतात का, यासाठी ती आजही उत्तम आहे, माझं त्या मशिनवर प्रेम आहे. पण नळीच्या भिंतीत काय साठलंय हा तिचा विषय नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दादाला पुलावर पहिल्यांदा जाणवलं. सकाळची आठ-चाळीसची गाडी, उशीर झाला म्हणून स्टेशनचा पूल झपाझप चढला, आणि वरच्या पायरीवर छातीच्या मधोमध कोणीतरी तळहात दाबून धरल्यासारखं. दुखणं नाही, ‘दाब’ म्हणाला तो. जबड्याच्या डाव्या बाजूला किंचित ओढ. कठड्याला धरून उभा राहिला, दोन-तीन मिनिटांत गेलं, गाडी मिळाली म्हणून विसरला. मग आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. नाश्ता करून निघाला आणि घाई झाली की हमखास, संध्याकाळी निवांत चढताना कधीच नाही. त्याने अॅसिडिटीची गोळी सुरू केली. कोणाला सांगितलं नाही, वहिनीलापण नाही, कारण टीएमटी तर नॉर्मल होती ना! आता कळतं की तो निगेटिव्ह रिपोर्टच त्याला गप्प बसवत होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री जेवणानंतर गावाहून आलेली तांदळाची गोण जिन्याने तिसऱ्या मजल्यावर नेताना जोरात आलं, या वेळी पंधरा मिनिटं गेलं नाही, घाम फुटला. वहिनीने मला फोन केला. मी म्हटलं रिक्षा बघत बसू नका, १०८ ला फोन करा, अॅम्ब्युलन्स आली आणि जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. मी माहीमहून टॅक्सीने पोचेपर्यंत पहिला ईसीजी झाला होता, नॉर्मल. हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन आल्याआल्या घेतलं आणि थोड्या तासांनी परत, दोन्ही वेळा अगदी कमी आणि मधला फरकही नाही. ही टेस्ट गेल्या काही वर्षांत खरंच खूप सुधारलीय, पूर्वी सहा-सहा तास, कधी बारा तास थांबवून ठेवायचे, आता हृदयाच्या स्नायूला बारीकशी इजा झाली तरी ती एक ते तीन तासांत पकडते. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, ‘हार्ट अटॅक नाहीये, पण एक-दोन दिवसांत कार्डिऑलॉजिस्टला नक्की दाखवा.’ आणि आम्ही सगळ्यांनी वाक्याचा पहिला अर्धाच भाग ऐकला. आईने तर घरी आल्यावर दृष्ट काढली आणि विषय मिटला असं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी सेंटरला मी आमच्याच डॉक्टर मॅडमकडून दादाचा टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला, पंपिंग ६० टक्के, झडपा ठीक, सगळं नॉर्मल. पुतण्या म्हणाला पप्पांना ईसीजीवालं स्मार्टवॉच घेऊ. त्याला समजावलं की घड्याळ ठोक्यांची लय चुकली तर सांगू शकतं, एट्रियल फिब्रिलेशन वगैरे, त्याचा तिथे उपयोग आहेच, पण नळीतलं काही त्याला दिसत नाही.

तर हे चार नॉर्मल. ईसीजीने सांगितलं, आत्ता या क्षणी हृदयाला रक्त कमी पडत नाहीये. टीएमटीने सांगितलं, दीड वर्षापूर्वी पळवल्यावर कमी पडताना दिसलं नाही. ट्रोपोनिनने सांगितलं, काल रात्री स्नायू मेला नाही. एकोने सांगितलं, पंप ठणठणीत आहे. यातल्या एकालाही आपण विचारलंच नव्हतं की नळीच्या भिंतीत आजार आहे का.

तो प्रश्न विचारला परळच्या कार्डिऑलॉजिस्ट मॅडमनी. मीच ओढत नेलं दादाला, चार दिवसांनी. त्यांनी रिपोर्टची फाइल बाजूला ठेवली आणि आधी पुलाबद्दल विचारलं, कितव्या पायरीला येतं, थांबल्यावर किती वेळात जातं, थंडीत जास्त का, जेवणावर जास्त का. मग विचारलं, वडील कसे गेले? दादा म्हणाला, ‘झोपेत.’ मॅडम म्हणाल्या, ‘वय?’ तो म्हणाला एक्कावन्न. त्यांनी पेन खाली ठेवलं. ही गोष्ट मला अजून दिसते. मग म्हणाल्या, ‘श्रम केल्यावर येणारा, थांबल्यावर जाणारा दाब म्हणजे अँजायनाच, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. मला टीएमटी परत नकोय, मला नळ्या बघायच्यात.’ सीटी कोरोनरी अँजिओग्राफी, उपाशीपोटी राहायची गरज नसलेलं लिपिड प्रोफाइल, तीन महिन्यांची साखर सांगणारं एचबीएवनसी, किडनीसाठी क्रिएटिनिन, आणि लायपोप्रोटीन-ए. हे शेवटचं नाव दादाने पहिल्यांदा ऐकलं. मी फॉर्मवर छापलेलं बघितलंय एकोणीस वर्षं, टिक केलेलं क्वचित.

सीटी अँजिओला लोक घाबरतात म्हणून सांगते. मांडीतून-मनगटातून नळी घालायची अँजिओग्राफी ती वेगळी, ही हातातल्या साध्या शिरेतून डाय देऊन केलेला स्कॅन. दादाची नाडी भीतीने ८८ होती, ती साठच्या आसपास आल्याशिवाय चित्र हलतं, म्हणून मेटोप्रोलॉलची गोळी देऊन तासभर बसवलं, मग जिभेखाली नायट्रोग्लिसरीनचा स्प्रे, त्याने नळ्या फुलतात आणि नीट दिसतात. डाय गेला की अंगभर गरम वाटतं, लघवी झाल्यासारखं वाटतं, ते सगळ्यांनाच होतं. श्वास रोखा म्हणाले, काही सेकंद, झालं. संध्याकाळी रिपोर्ट.

डाव्या बाजूची पुढे उतरणारी नळी, एलएडी, तिच्या मधल्या भागात ५० ते ६९ टक्के अरुंद, प्लाक, म्हणजे भिंतीत साठलेला चरबीचा थर, बहुतेक मऊ, कॅल्शियम न धरलेला. उजव्या नळीत ३० टक्क्यांच्या आसपास. तिसरीत किरकोळ. लेफ्ट मेन, म्हणजे डाव्या बाजूची सुरुवातीची मूळ नळी, स्वच्छ, हे सगळ्यात महत्त्वाचं. कॅल्शियम स्कोअर फक्त ३८. रिपोर्टच्या खाली कॅड-रॅड्स ३, म्हणजे नळी किती अरुंद आहे त्याची मध्यम पायरी. आणि रक्तात एलडीएल १३४, एचबीएवनसी ५.९, लायपोप्रोटीन-ए ९६ मिलिग्रॅम, जे पन्नासच्या खाली पाहिजे.

मॅडमनी पेपरच्या मागे चित्र काढलं. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात नळाच्या पाइपात गंज चढतो तसं काहीतरी असतं, आतून थर चढत गेला, भोक बारीक झालं, एके दिवशी बंद. त्या म्हणाल्या, तसं नाहीये, हे भिंतीतलं गळू आहे असं समजा. चरबी, सूज, वरून पातळ कातडी. गळू आधी बाहेरच्या बाजूला फुगतं, नळी स्वतःच जरा मोठी होऊन त्याला जागा करून देते, शिकागोच्या ग्लॅगोव्ह यांनी हे १९८७ ला दाखवून दिलं, म्हणून बरीच वर्षं आतलं भोक तसंच राहतं आणि टीएमटी पास होते. आणि अटॅक येतो तो बहुतेकदा भोक हळूहळू बंद होऊन नाही, गळू फुटून त्यावर रक्ताची गुठळी बसली की येतो, आणि फुटणारं गळू सगळ्यात मोठंच असतं असं नाही. कॅल्शियम म्हणजे काय, तर जुन्या जखमेवर धरलेली खपली. दादाच्यात खपली कमी, मऊ भाग जास्त. म्हणून स्कोअर ३८ बघून खूश व्हायचं नाही.

मला स्वतःला यातला सगळ्यात मोठा बदल हा वाटतो. पूर्वी प्रश्न होता नळी किती टक्के बंद, आता प्रश्न आहे नळीत आजार आहे का आणि कसला. स्कॉटलंडमध्ये स्कॉट-हार्ट नावाचा अभ्यास झाला, छातीत दुखतं म्हणून आलेले ४,१४६ लोक, अर्ध्यांना नेहमीच्या तपासण्या आणि अर्ध्यांना त्यासोबत सीटी अँजिओ. पाच वर्षांनी, २०१८ ला निकाल आला, हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक सीटीवाल्यांत २.३ टक्के आणि बाकीच्यांत ३.९ टक्के. आता स्कॅनच्या किरणांनी तर कोणी बरं होत नाही. झालं असं की प्लाक डोळ्यांनी दिसल्यावर डॉक्टरांनी योग्य माणसाला औषध सुरू केलं आणि माणसाने ते घेतलं.

आता लायपोप्रोटीन-ए. याला आम्ही लॅबवाले एलपीए म्हणतो. एलडीएलसारखाच कण, पण त्याला एक जास्तीची शेपटी चिकटलेली, जी भिंतीत साठायला मदत करते आणि सूज वाढवते. नॉर्वेच्या बर्ग यांनी तो शोधला १९६३ मध्येच, ज्या वर्षी ब्रूस यांची टीएमटीची पद्धत छापून आली त्याच वर्षी, आणि एक टेस्ट गल्लोगल्ली पोचली, दुसरी फॉर्मवर टिक न होता पडून राहिली. एलपीए खाण्यापिण्याने, व्यायामाने फारसा बदलत नाही, तो जवळपास सगळा आईबापांकडून येतो आणि जन्मभर तेवढाच राहतो, म्हणून आयुष्यात एकदा केला तरी पुरतो. भारतीयांत साधारण दर चार-पाच माणसांत एकाचा जास्त असतो. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा स्वतःच्या लिपिड गाइडलाइन काढल्या, त्यात प्रत्येकाने एकदा तरी एलपीए करावा असं लिहिलंय. आमच्याकडे ही टेस्ट साडेनऊशेची आहे. बाबांना कोणी केली नव्हती, तेव्हा कोणी करतही नव्हतं, पण मला ९६ हा आकडा बघून पहिल्यांदा वाटलं की आता बाबांच्या त्या पहाटेला काहीतरी कारण आहे.

रिपोर्ट घरी पोचला आणि खरी केस तिथे सुरू झाली. रविवारी काका आले, काकू आली, खालचे शेजारी आले. काका म्हणाले, ‘अरे साठ टक्के ब्लॉकेज अंगावर ठेवून कोणी फिरतं का? उद्या अॅडमिट हो, स्टेंट टाकून मोकळा हो.’ शेजारी म्हणाले मेडिक्लेम आहे ना, कॅशलेस होईल, क्लेम बसतोय तोवर करून घ्या, पुढच्या वर्षी प्रीमियम वाढेल. यात चुकीचं काही नव्हतं हो, अॅडमिट झालो तर लाखाचं बिल पॉलिसी भरते आणि महिन्याची गोळ्यांची पाकिटं आपल्या खिशातून, त्यामुळे हिशेब तिकडेच झुकतो. आई काहीच बोलत नव्हती, शेवटी मला आत बोलावून म्हणाली, ‘तुझ्या बाबांच्या वेळी आपण काहीच केलं नाही. आता काय ते करा, पण करा.’ आईला गोळ्या म्हणजे ‘काही न करणं’ वाटत होतं. यावर माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं.

उत्तर मॅडमकडे होतं, दुसऱ्या दिवशी आम्ही आईलापण घेऊन गेलो. त्यांनी आधी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. हार्ट अटॅक चालू असेल, नळी गुठळीने बंद झाली असेल, तर स्टेंट जीव वाचवतो, तिथे मिनिटं मोजायची, चर्चा नाही. लेफ्ट मेनमध्ये ब्लॉकेज असेल, पंपिंग खूप कमी असेल, बसल्या जागी दुखायला लागलं असेल, तर तीही वेगळी गोष्ट. पण दादासारखा स्थिर अँजायना असेल तर? इस्केमिया नावाचा मोठा अभ्यास झालाय, ३७ देश, त्यात भारतपण, ५,१७९ पेशंट. अर्ध्यांना आधीच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास, अर्ध्यांना आधी औषधं आणि गरज पडली तरच पुढचं. सरासरी तीन वर्षांच्या वर लक्ष ठेवलं, निकाल २०१९ च्या शेवटी आला, मृत्यू आणि हार्ट अटॅक यात दोन्हीकडे ठोस फरक नाही. फरक पडला तो त्रासात, ज्यांना वरचेवर दुखत होतं त्यांना स्टेंटने जास्त आराम पडला. २०२३ च्या ऑर्बिटा-२ मध्येही, म्हणजे जिथे काही पेशंटना खोटीखोटी प्रोसिजर करून तुलना केली होती तिथेही, स्टेंटने अँजायना कमी झाला असंच दिसलं. ‘म्हणजे स्टेंट वाईट नाही,’ त्या आईला म्हणाल्या, ‘मावशी, स्टेंट त्या दीड-दोन सेंटिमीटरला आहे. गळवं तिन्ही नळ्यांत आहेत. गोळ्या तिन्ही नळ्यांना लागतात. स्टेंट टाकला असता तरी याच गोळ्या घ्याव्या लागल्या असत्या, उलट एखादी जास्तच.’ आईने विचारलं, म्हणजे गोळ्या हीच ट्रीटमेंट? त्या म्हणाल्या, हो, हीच. आई तेव्हा पहिल्यांदा नीट बसली.

खात्री म्हणून स्ट्रेस थॅलियम केलं, म्हणजे श्रमात स्नायूच्या कुठल्या भागाला रक्त कमी पडतं ते चित्रच काढायचं. पुढच्या भिंतीचा थोडा भाग, दहा टक्क्यांच्या खाली. ठरलं. एलडीएल उतरवायला रोसुवास्टॅटिन (हे स्टॅटिन गटातलं औषध) २० आणि एझेटिमाइब १० एका गोळीत, गुठळी होऊ नये म्हणून अॅस्पिरिन ७५, ठोके आवरायला बिसोप्रोलॉल अडीच, आणि दाब आलाच तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट खिशात. सोबत लेखी अट: पुलावरचा दाब तीन महिन्यांत गेला नाही, किंवा वाढला, किंवा बसल्या जागी आला, तर सरळ अँजिओग्राफी. एलडीएल ५५ च्या खाली न्यायचं. दादाने विचारलं ७० चालणार नाही का, लॅबचा पेपर तर शंभरच्या खाली नॉर्मल म्हणतो. मॅडम म्हणाल्या पेपरवरचा आकडा सगळ्यांसाठी छापलाय, तुझ्यासाठी नाही. आणि एलपीए उतरवायला आज माझ्याकडे औषध नाही, म्हणून जे उतरवता येतं ते जितकं खाली जाईल तितकं न्यायचं.

जानेवारीच्या शेवटापर्यंत पुलावरचा दाब जवळपास थांबला. फेब्रुवारीत एलडीएल ५८. सगळे खूश. दादा सकाळी मैदानाला फेऱ्या मारायला लागला, वहिनीने भात अर्धा केला आणि उसळी वाढवल्या.

आणि एप्रिलमध्ये एलडीएल १२६.

मी लॅबमध्ये परत चेक करायला लावलं, सॅम्पल बदललं की काय म्हणून. सॅम्पल त्याचंच होतं. रविवारी घरी गेले, त्याच्या खणातल्या स्ट्रिप मोजल्या, स्टॅटिनच्या तशाच पडून, बाकीच्या संपलेल्या. दादा आधी चिडला, मग बसला आणि सांगितलं. पोटऱ्या दुखत होत्या, आणि ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला होता की स्टॅटिनने स्नायू सडतात आणि लिव्हर जातं, सव्वा महिना झाला होता बंद करून. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू, पण त्याचा चेहरा बघून कळलं की तो दोन्हीकडून घाबरलाय, आजारालापण आणि गोळीलापण. आणि छातीतला दाब गेल्यामुळे त्याला वाटलं होतं आता बरा झालो. स्टॅटिन बंद केल्याचं शरीर काही सांगत नाही ना, एलडीएल वाढलेलं दुखत नाही.

मॅडम ओरडल्या नाहीत. सीपीके, म्हणजे स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ताची टेस्ट, केली, नॉर्मल. लिव्हर एन्झाइम नॉर्मल. मग त्यांनी सॅमसन नावाच्या अभ्यासाबद्दल सांगितलं, लंडनमधला, २०२० चा. स्टॅटिनने त्रास होतो म्हणून सोडलेले ६० लोक, त्यांना वर्षभर आलटून पालटून कधी स्टॅटिन, कधी तशीच दिसणारी रिकामी गोळी, कधी काहीच नाही. जो त्रास स्टॅटिनच्या महिन्यात व्हायचा त्यातला ९० टक्के त्रास रिकाम्या गोळीच्या महिन्यातही झाला. दादा म्हणाला म्हणजे मी नाटक करतोय? त्या म्हणाल्या, ‘नाही रे, दुखणं खरंच आहे, फक्त ते गोळीतून नाही, भीतीतून येत असेल, आणि आपण ते तपासून बघू.’ रोसुवास्टॅटिन १० वर आणलं, एझेटिमाइब तेच. पोटऱ्या थोड्या दुखल्या, मग राहिल्या. जूनमध्ये ६६. परत २० वर जायला दादाची तयारी नव्हती, म्हणून बेम्पेडोइक अॅसिड जोडलं, ते लिव्हरमध्ये गेल्यावरच कामाला लागतं, स्नायूत नाही, म्हणून अशांना सोयीचं. त्याने युरिक अॅसिड वाढू शकतं, ते आधी बघितलं आणि नंतरही. सप्टेंबरमध्ये एलडीएल ५२.

मधे इन्क्लिसिरनचाही विषय निघाला होता, सुरुवातीचे दोन डोस झाले की वर्षातून दोनदाच इंजेक्शन, एलडीएल जवळपास निम्म्यावर येतं, आणि विसरायचा प्रश्नच नाही. भारतात ते मिळतं. किंमत ऐकल्यावर वहिनी गप्प झाली, मॅडमपण म्हणाल्या की गोळ्यांनी जमतंय तोवर गोळ्याच. एलपीएसाठी पेलाकार्सेन, ओल्पासिरान अशी नवी औषधं तपासली जातायत, एलपीएचा आकडा ८० टक्के आणि त्याहूनही जास्त खाली आणतात असं दिसलंय, पण आकडा उतरला म्हणून अटॅक कमी होतात का हे मोठ्या अभ्यासांतून यायचंय. दादा दर वेळी विचारतो, ‘माझं औषध आलं का गं?’

तर आत्ताची स्थिती. बीपी १२६/७८, एचबीएवनसी ५.६, पोटाचा घेर ३६ चा ३४ झाला, पुलावर दाब नाही, घाईत चढला तरी नाही. सॉर्बिट्रेट खिशात असते, वापरायची वेळ गेल्या दहा महिन्यांत आली नाही. गोळ्यांचा डबा वहिनी रविवारी भरते आणि पुढच्या रविवारी रिकामा बघते, दादाला ते आवडत नाही आणि तो ते करू देतो.

मॅडमनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की एकाचा एलपीए जास्त निघाला की रक्ताच्या सगळ्यांचा करायचा. आईचा १४. म्हणजे बाबांकडूनच आलं. माझा ८८. ४३ व्या वर्षी एक आकडा बघून आपलं आयुष्य वेगळं दिसायला लागतं, दोन रात्री झोप नव्हती. माझं एलडीएल १२१ होतं, रोसुवास्टॅटिन सुरू झालंय. पुतण्याचा ६१, वय १९, त्याला गोळी नाही, सिगरेटला हात लावायचा नाही आणि एलडीएल-बीपी-साखर बघत राहायचं एवढंच. त्याने ब्लड ग्रुपच्या खाली फोनमध्ये तो आकडा सेव्ह केलाय. पुतणीचा २२, ती मोकळी. सेंटरला टीएमटीच्या फॉर्मवर कुटुंबाच्या इतिहासाचा एक रकाना आहे, तो बहुतेक वेळा रिकामा जायचा, आता मी लीड लावताना विचारते, आईवडील आहेत का, कोणत्या वयात गेले, कशाने, आणि जे सांगतील ते डॉक्टरांसाठी लिहिते. रिपोर्टपेक्षा त्या रकान्यात जास्त सापडतं असा माझा अनुभव होत चाललाय.

राहिली आत्या, चिपळूणला. तिचे दोन मुलगे, एक ४५ चा, एक ४१ चा. गणपतीत गेलो तेव्हा आरती झाल्यावर दादाने स्वतः सगळ्यांना बसवून सांगितलं, पूल, गळू, गोळ्या सोडल्या तेसुद्धा. धाकट्याने दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं, १०४ आला, आता त्याची पुढची तपासणी चालू आहे. थोरला ट्रक चालवतो, रात्रभर गाडी, तंबाखूपण आहे, तो हसून म्हणाला, ‘ताई, माझी टीएमटी गेल्या वर्षी नॉर्मल आलीय गं.’ दिवाळीनंतर तो माल घेऊन वाशीला येणार आहे. दादाने त्याला सांगितलंय की मार्केटला गाडी रिकामी झाली की फोन कर, मी येतो न्यायला. फॉर्म मी भरून ठेवलाय, त्याच्या वडिलांच्या आणि मामाच्या वयासकट.